परकीय मदतीस, भंडाऱ्याहून

प्रति,
श्रीमती परकीय मदत,
मुक्काम वॉशिंग्टन, लंडन, टोकियो वगैरे.

स.न.वि.वि.

आपल्या उपकारांची यादी निघाली, तर भंडारा जिल्ह्याचं नाव सुटू नये म्हणून हा पत्रप्रपंच. १९५९ साली फोर्ड फाउंडेशनच्या तज्ज्ञांनी भारताच्या अन्नसंकटावर अहवाल दिला. त्यातून सघन कृषी जिल्हा कार्यक्रम, म्हणजे ‘पॅकेज’, निघाला. फाउंडेशनचा पैसा पहिल्या सात जिल्ह्यांना मिळाला. दुसऱ्या फेरीत महाराष्ट्रातून भंडाऱ्याची निवड झाली. त्याच्या वाट्याला मुख्यतः कल्पना आली.

निवडीची एक अट होती: पाण्याची खात्री. ती भंडाऱ्यात होती, कारण कोहळी समाजाने शेकडो वर्षांपूर्वीच तलाव बांधून ठेवले होते. त्यांना कर्ज कोणी दिलं नव्हतं आणि सल्लागारही कोणी नेमला नव्हता. १९५०च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली, तलाव सरकारजमा झाले आणि गाळ कोणी काढायचा हा प्रश्न मात्र गावातच राहिला.

तरीही आपलं ऋण नाकारणं कृतघ्नपणा ठरेल. बियाणं, खत, कर्ज आणि सल्ला एकाच वेळी कास्तकारापर्यंत पोचवावा, हा विचार चांगलाच होता. फोर्ड आणि रॉकफेलर या फाउंडेशनांनी १९६० साली फिलिपिन्समध्ये उभारलेल्या भात संशोधन संस्थेने १९६६ साली आयआर-८ दिलं. हे बुटकं धान खत पचवी आणि लोळत नसे. तणस मात्र कमी निघे, म्हणजे बैलांच्या वैरणीला कात्री. तांदूळ जाडाभरडा. शिवाय ज्याच्या बांधीपर्यंत पाणी पोचत नव्हतं, त्याच्यासाठी खताची पिशवी म्हणजे नुसती उधारी.

आपला स्वभावही लहरी. १९६५-६६च्या दुष्काळात अमेरिकेचा पीएल-४८० या अन्नमदत कायद्याखालचा गहू हवा होता, तेव्हा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी तो थोडा थोडा करून सोडला. भारताने व्हिएतनाम युद्धावर बोललेलं त्यांना रुचत नव्हतं. त्याच गव्हातून गाजरगवत आलं असं लोक मानतात. ते आधीपासूनच इथे होतं असंही काही अभ्यासक म्हणतात. ते गवत मात्र कोणतीही अट न घालता पसरलं.

सगळा दोष आपल्या माथी मारणं बरं नव्हे. पवनी तालुक्यातल्या गोसीखुर्द धरणाची पायाभरणी १९८८ साली झाली, तेव्हा खर्चाचा अंदाज ३७२ कोटी होता. पुढे तो अठरा हजार कोटींवर गेला. दिरंगाईसाठी परदेशी तज्ज्ञ लागतातच असं नाही, हे भंडाऱ्याने स्वबळावर सिद्ध केलं.

आता काळ फिरला आहे. २००३ साली भारताने लहान देणगीदारांना नम्रपणे निरोप दिला. भूतान आणि नेपाळला तो स्वतःच मदत करतो आणि तिथल्या लोकांच्या तक्रारीही ऐकतो. २०२५ साली अमेरिकेने आपली मदतसंस्था यूएसएआयडीच बंद केली.

कळावे, लोभ असावा.

आपले,
भंडाऱ्याचे धानकरी

ता.क. तज्ज्ञ पुन्हा पाठवायचे झाल्यास जुलैत पाठवावेत. तेव्हा रोवणी चालू असते आणि माणसं कमी पडतात.