पुरलेली कुऱ्हाड

समेटाचं इंग्रजी शिकताना आपण ‘बरी द हॅचेट’ घोकतो: अर्थ, भांडण मिटवणे, गुण, एक. पण ही कुऱ्हाड इंग्रजांची नाहीच. ईशान्य अमेरिकेतले मूलनिवासी तह करताना खरोखर शस्त्रं पुरत. गोऱ्यांनी त्यांच्या जमिनी बळकावल्या, तह मोडले आणि वाक्प्रचार तेवढा जपून ठेवला! कुणी म्हणेल, परीक्षेत अर्थ विचारतात, इतिहास नाही. मान्य, पण चित्र दिसल्याशिवाय अर्थ टिकत नाही. ‘छत्तीसचा आकडा’ एखाद्या इंग्रजाला शिकवून पाहा. देवनागरीतले ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेले दाखवल्याशिवाय त्याला काय कळणार? आपण मात्र कुऱ्हाड न पाहताच पुरतो आणि निकालानंतर वाक्प्रचारही.