पब-प्रवेशिका

इंग्लंडमधील खेड्यातला पब ही खाण्यापिण्याची जागा असली, तरी ती हॉटेल नव्हे आणि मराठी माणसाला परिचित असलेली परमिट रूम तर मुळीच नव्हे. परमिट रूममध्ये अंधार हा सेवेचाच भाग असतो. ओळखीचे कोणी भेटू नये, भेटलेच तर चेहरा दिसू नये, अशी दिव्यांची रचना असते. खेड्यातल्या पबात माणसे ओळखीचे कोणी भेटावे म्हणूनच जातात. छताच्या तुळया उंच माणसाच्या कपाळाला लागतील इतक्या खाली, एका भिंतीत शेकोटी, कोपऱ्यात अर्धा पाइंट घेऊन बसलेली आजी, तिच्या पायाशी कुत्रा. कुत्र्यासाठी पाण्याचे भांडेही असते. मुंबई दारूबंदी कायदा, १९४९ याच्या छत्राखाली वाढलेला, पिण्यासाठी सरकारी परवाना लागतो हे जाणणारा आणि तो परवाना कधीच न काढलेला मराठी पाहुणा या उजेडात प्रथम बिचकतो. आत शिरताना तो सवयीने एकदा मागे वळून पाहतो.

या पाहुण्यांची एक पोटजात आहे : वाचून आलेला. प्रस्तुत लेखक याच पोटजातीतला असल्यामुळे तिची लक्षणे येथे खात्रीने देता येतात. या पाहुण्याने वुडहाउस वाचलेला असतो. 'अँगलर्स रेस्ट' नावाच्या पबात मिस्टर मलिनर गोष्टी सांगतात आणि ऐकणाऱ्यांना नावे नसतात, जो जे पितो त्यावरून तो ओळखला जातो, हे त्याला मुखोद्गत असते. जॉर्ज ऑर्वेलने ९ फेब्रुवारी १९४६च्या 'इव्हनिंग स्टँडर्ड'मध्ये आदर्श पबाचे वर्णन करणारा 'द मून अंडर वॉटर' हा लेख लिहिला, तोही त्याच्या वाचनात आलेला असतो. ऑर्वेलचा जन्म बिहारमधल्या मोतीहारीचा, ही माहिती तर त्याने योग्य वेळी टाकण्यासाठी राखून ठेवलेली असते. योग्य वेळ येत नाही. असा पब प्रत्यक्षात नाहीच, असे ऑर्वेलने त्याच लेखाच्या शेवटाकडे सांगून टाकले आहे. पण पोटजातीची स्मरणशक्ती तिथपर्यंत पोचत नाही. आपण दार ढकलताच आतली मंडळी आपल्याला आपल्यातलाच समजतील, आणि नाही समजली तरी आपल्या उच्चारांनी निदान चकित होतील, या खात्रीने हा पाहुणा आत येतो. मंडळी डार्ट्स खेळत असतात.

पबात टेबलाशी बसून राहिल्यास सहसा कोणी विचारायला येत नाही. पेय काउंटरवर जाऊन सांगायचे, तिथेच पैसे द्यायचे आणि ग्लास स्वतः आणायचा. काउंटरपाशी रांग दिसत नाही. बसच्या थांब्यावर दोघे असले तरी रांग लावणारा हा समाज इथे मात्र आडवा पसरून उभा असतो. रांग असते, पण ती फक्त मनात. कोण कोणाच्या आधी आले, हे काउंटरमागच्या बाईला आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. केट फॉक्स या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी 'वॉचिंग द इंग्लिश' (२००४) या पुस्तकात या अदृश्य रांगेचे नियम दिले आहेत. हाक मारायची नाही, टिचकी वाजवायची नाही, नोट हलवायची नाही. बाईच्या नजरेत येईल असे उभे राहायचे आणि भुवई किंचित वर करायची. एस.टी.च्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याचे ज्याचे शिक्षण झाले आहे, त्याला भुवईवर विसंबून राहणे जड जाते. "अहो, रांग कुठाय इथे?" असे लेखकाच्या पत्नीने विचारले, तेव्हा लेखकाने केट फॉक्स उद्धृत केल्या. तेवढ्यात बाईने स्वतःहून लेखकाकडे पाहून "यू आर नेक्स्ट, लव्ह" असे म्हटले. या 'लव्ह'ची धुंदी पुढचा माणूस येईपर्यंत टिकली. तो पायाला चिखल लागलेला प्लंबर होता, आणि तोही 'लव्ह' होता.

आता पेयाविषयी. "अ पाइंट ऑफ बिटर, प्लीज" हे वाक्य पोटजातीने विमानातच घोकलेले असते. त्यावर "कुठली?" असा प्रतिप्रश्न येतो, कारण काउंटरवर तीन-चार लाकडी दांडे उभे असतात आणि प्रत्येकावर वेगळी चिठ्ठी असते. हे हातपंप आहेत. जोसेफ ब्रामा या इंग्रज संशोधकाने १७९७ साली अशा यंत्राचे पेटंट घेतले. बाई दांडा सावकाश स्वतःकडे ओढते, तळघरातल्या पिपातून एल, म्हणजे जुन्या पद्धतीची बिअर, वर चढते, दोन-तीन ओढींत ग्लास काठोकाठ भरतो. बाहेर आलेला ओघळ काउंटरवरच्या टॉवेलच्या पट्टीवर टिपून ग्लास पुढे सरकतो. पाइंट म्हणजे ५६८ मिलिलिटर. तो न सांडता टेबलापर्यंत नेणे ही वेगळी विद्या आहे.

या पिपातली एल जिवंत असते. तिच्यातले यीस्ट पिपातही काम करत राहते, बाहेरून वायू भरलेला नसतो, आणि पीप उघडल्यावर ती दोन-तीन दिवसांत संपवावी लागते. नऊ गॅलनच्या पिपाला फर्किन म्हणतात. त्यातून सिद्धांततः ७२ पाइंट निघतात. कारखान्यातली गाळलेली, वायू भरलेली बिअर ही एल संपवणार असे दिसू लागले, तेव्हा १९७१ साली चार इंग्रज तरुणांनी तिच्या बचावासाठी 'कॅमरा' ही संघटना काढली. ती काढली आयर्लंडमध्ये, सुटीवर असताना. संघटना स्थापन करण्यास महाराष्ट्रीय माणसाला सुटीची गरज भासत नाही, आणि नंतर तिच्यात फूट पाडण्यासही.

एल गरम असते, ही बदनामी आहे. तळघराचे तापमान ११ ते १३ अंश सेल्सियस असते आणि एल त्याच तापमानाला पितात. 'चिल्ड' हा शब्द उच्चारल्याशिवाय बिअर मागताच न येणाऱ्या माणसाला ती पहिल्या घोटाला कोणीतरी विसरून ठेवलेली वाटते. बर्फ मागू नये. मागितल्यास मिळतो, आणि त्यानंतर पबात जी शांतता पसरते तीही मिळते. शाकाहारी पाहुण्यांसाठी आणखी एक खुलासा : एल नितळ व्हावी म्हणून तिच्यात परंपरेने आयसिंग्लास घालतात, आणि ते माशाच्या वाताशयापासून बनते. 'बिअर म्हणजे जवाचे पाणी' या आधारावर आयुष्यभर मांसाहारापासून अलिप्त राहिलेल्यांनी हे वाक्य वाचले नाही असे समजावे. हल्ली माशाशिवायच्या एलही पुष्कळ मिळतात.

इंडिया पेल एल हा प्रकार दिसला की पाहुणा हटकून शेजाऱ्याला सांगतो की ही आमच्यासाठी बनली. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या बो भागातल्या हॉजसनच्या भट्टीची एल ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांवरून भारतात जात असे, पुढे १८२०च्या दशकात बर्टनच्या भट्ट्यांनी तो व्यापार काबीज केला, इथपर्यंत ठीक आहे. पण ती ज्यांच्या टेबलावर गेली त्यांत 'आम्ही' नव्हतो. ग्लास पुसणारे आम्ही होतो. हे लेखकाच्या पत्नीने मराठीत निदर्शनास आणले आणि त्या एलची चव थोडी कडवट झाली. तशी ती मुळातच कडू असते.

राउंड या संस्थेचा विचार येथे सविस्तर केला पाहिजे, कारण तिच्यावाचून 'पब्लिक हाउस' हे नुसते घर उरते. चौघे आले तर चौघांचे चार पाइंट एकजण आणतो. ते संपत आले की दुसरा उठतो. हिशेब कोणी लिहीत नाही आणि कोणी विसरतही नाही. महाराष्ट्रात याला दोन पर्याय आहेत. पहिला टी.टी.एम.एम., म्हणजे तुझे तू माझे मी. दुसरा, बिल आल्यावर "मी देतो" म्हणून वेटरच्या हातातून कागद ओढण्याची कुस्ती, जिच्यात हरण्याचे कौशल्य काही जणांनी फार वरच्या दर्जाला नेले आहे. राउंडमध्ये ही कुस्ती नाही. मात्र धोका गणिताचा असतो : पाचजण असले की पाच पाइंट अटळ, कारण आपल्या राउंडआधी निघून जाणे हा जवळजवळ चारित्र्याचा प्रश्न आहे. नेमक्या वेळी स्वच्छतागृहात जाणारा माणूस इंग्लंडातही असतो; बुटाची नाडी बांधायला वाकणाऱ्या आपल्याकडच्या माणसाचा तो सख्खा भाऊ. ब्रिटिश सरकारने एकदा टी.टी.एम.एम. कायद्याने सक्तीचे केले होते, हे फारसे कोणाला माहीत नसते. पहिल्या महायुद्धात दारूगोळ्याच्या कारखान्यांतले कामगार आणि रजेवरचे सैनिक एकमेकांना पाजून आडवे होऊ लागले, म्हणून ऑक्टोबर १९१५मध्ये लंडनला हुकूम निघाला की कोणी दुसऱ्यासाठी पेय विकत घ्यायचे नाही. बायकोसाठीही नाही. साउदॅम्प्टनमध्ये एका नवऱ्याला बायकोला वाइन घेऊन दिल्याबद्दल दंड झाला. जेवणासोबत घेतल्यास मात्र सूट होती. युद्ध सरले, हुकूम गेला, आणि देश पुन्हा आळीपाळीने उठू लागला.

ऑक्सफर्डशरच्या एका पबात काउंटरच्या टोकाला बसणाऱ्या एका आजोबांनी लेखक आणि त्याच्या पत्नीला आपल्या राउंडमध्ये घेतले. लेखकाने ते आपल्या संभाषणचातुर्याचे फळ मानले. नंतर बाईकडून कळले की त्या टोकाला पूर्वी चौघे बसत. तिघे गेले, आणि एकट्याचा राउंड होत नाही. लेखकाची पाळी आल्यावर आजोबांनी अर्धाच पाइंट घेतला, पण घेतला; नाकारणे नियमात बसत नव्हते. या प्रसंगापुरते मोतीहारीचे भाषण स्थगित राहिले.

खाण्याच्या बाबतीत पहिली तक्रार शेंगदाण्यांची. महाराष्ट्रातल्या साध्यातल्या साध्या बारमध्ये चकणा फुकट येतो, काकडीच्या चकत्यांसकट. पबात शेंगदाण्याच्या पुडीचे पैसे पडतात. ही तक्रार विनोदाची नाही. क्रिस्प्सचे पाकीट घेतल्यास ते उभे फाडून टेबलाच्या मधोमध उलगडून ठेवायचे, सगळ्यांनी खायचे. हा शिष्टाचार मात्र चांगला आहे.

जेवणात स्टेक अँड एल पाय, फिश अँड चिप्स, रविवारी रोस्ट. रोस्टबरोबर येणारे यॉर्कशर पुडिंग गोड नसते. हिरव्या लगद्याच्या रूपात येणाऱ्या मटारांबद्दल मौन बरे. फळ्यावर 'प्लाउमन्स लंच' दिसला की वाचून आलेला पाहुणा तोच मागवतो : पाव, चीजचा जाड तुकडा, व्हिनेगरमधला कांदा, गोडसर लोणचे. शतकानुशतके नांगर थांबवून बांधावर बसलेला शेतकरी त्याच्या डोळ्यांपुढे येतो. पाव, चीज आणि एल हे त्रिकूट खरोखर जुने आहे. पण या नावाने हे ताट १९५०च्या दशकात चीजचा खप वाढवू पाहणाऱ्या चीज ब्युरोने आणि पुढे दूध विपणन मंडळाने लोकप्रिय केले. लेखकाने त्या ताटाचा फोटो काढून 'इथली खरी भाकरी-कांदा' अशा मजकुरासह नातेवाइकांना पाठवला होता. तो अजून दुरुस्त केलेला नाही.

अडीचच्या सुमारास पुष्कळ पबांचे स्वयंपाकघर बंद होते. पूर्वी दुपारी अख्खा पबच बंद असे. पहिल्या महायुद्धात आलेली ही सक्ती थेट १९८८ साली सुटली. पुणेकरांना याबाबत तक्रार करता येणार नाही.

एक गोष्ट मात्र हसण्यावारी नेता येत नाही. इंग्लंडातले पब एकामागून एक बंद पडत आहेत. काही गावे मात्र आपला पब राखायला स्वतः पुढे येतात. कंब्रियामधील हेस्केट न्यूमार्केटच्या लोकांनी २००३ साली भाग काढून गावातला 'ओल्ड क्राउन' सहकारी तत्त्वावर विकत घेतला. २०११च्या लोकलिझम कायद्याने तर पब गावाच्या मोलाची मालमत्ता म्हणून नोंदवता येतो, आणि तो विक्रीला निघाल्यास गावाला पैसे जमवायला अवधी मिळतो. सहकाराने साखर कारखाने, दूधसंघ आणि पतपेढ्या उभारलेल्या महाराष्ट्राला हे ऐकून कौतुक वाटते. पण त्याच महाराष्ट्रात गावोगावच्या बायका दारूचे दुकान बंद करायला मोर्चे काढतात. मतपत्रिकेवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी. निम्म्याहून अधिक मतदारांनी आडवीला कौल दिला की दुकानाला कुलूप लागते. दोन्ही गावे बरोबर आहेत. एका गावात पिणाऱ्याच्या बायकोला शेजारी खुर्ची असते. दुसऱ्यात ती अंधारात दुकानाबाहेर उभी राहून नवऱ्याला हाका मारते, उद्याच्या किराण्याचे पैसे संपायच्या आत. परत आल्यावर "आपल्याकडेही असे पब हवेत" असे म्हणणाऱ्याने, आणि लेखकाने हे वाक्य अनेक बैठकांत म्हटले आहे, आधी त्या खुर्चीची सोय सांगावी.

पब बंद होण्याआधी घंटा वाजते आणि 'लास्ट ऑर्डर्स' असा पुकारा होतो. दुसऱ्या पुकाऱ्यानंतर नवे काही मिळत नाही. हातातले संपवायला थोडा वेळ असतो. काउंटरवर टीप ठेवण्याची पद्धत नाही, बाईला द्यायचेच असेल तर "अँड वन फॉर युअरसेल्फ?" असे विचारावे, म्हणजे ती एका पेयाचे पैसे घेते. रविवारच्या रोस्टसाठी मात्र टेबल आधी फोन करून राखून ठेवावे. न राखता गेलेल्याला काउंटरपाशी उभ्याने क्रिस्प्स खावे लागतात, आणि त्यांचेही पैसे पडतात.