सूर्य साडेचारला सुटतो

भारतात घड्याळ सगळ्यांचं एक, सूर्य मात्र ज्याचा त्याचा. शाळेत ही गोष्ट दोन मार्कांची होती. डिसेंबरात गुवाहाटीच्या शाखेत ऑडिटला बसलं की ती अंगावर येते. प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची. पुणे त्याच्या पश्चिमेला, गुवाहाटी पूर्वेला. अंशाला चार मिनिटं धरली तर दोन्ही गावांत सत्तर-बहात्तर मिनिटांचा फरक. त्यात गुवाहाटी बरीच उत्तरेला, म्हणून हिवाळ्यातला दिवस आणखी आखूड. एकूण थकबाकी दीड तास. पुण्यात सूर्य सहाला, ऑफिस सुटता सुटता मावळतो. गुवाहाटीत तो साडेचारलाच कुणाला न विचारता निघून जातो, आणि आपण स्टेशनरीची व्हाउचरं तपासत बसतो.

कंपनीच्या खर्चाने निसर्ग बघणं हा नोकरदाराचा जुना छंद. त्यासाठी बॅग भरण्याचं एक शास्त्र आहे. वर लॅपटॉप, त्याखाली फायली, आणि तळाशी पायमोज्यांत गुंडाळलेली सहाशे मिलिमीटरची लेन्स. विमानतळावर साहेब बरोबर असले की हा क्रम फार उपयोगी पडतो. ‘बॅग फार जड दिसते,’ असं ते म्हणतात. ‘मागच्या वर्षीचे रेकॉर्ड घेतलेत सर,’ असं आपण म्हणतो.

पहिल्याच संध्याकाळी सहाला सुटून थेट उझान बाजारचा घाट गाठला. समोर ब्रह्मपुत्रा आहे असं रिक्षावाल्याने सांगितलं. मला अंधार दिसला. अंधाराचा पलीकडचा काठ दिसेना, त्यावरून नदी मोठी असावी असा अंदाज केला. तिवई लावली, आयएसओ पार वरच्या टोकाला नेला आणि फोटो काढले. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकताच मेहुण्याने विचारलं, ‘एक्सरे कुणाचा?’

शाखेतल्या हिशेबनिसांना मीही इतरांसारखं ‘दादा’ म्हणू लागलो होतो. त्यांनी माझी व्यथा ऐकून घेतली. ‘चहाच्या मळ्यांत अजून बागान टाइम चालतो,’ ते म्हणाले. ‘इंग्रजांनी लावलेला. घड्याळ एक तास पुढे. मजूर सूर्याबरोबर कामाला लागतो आणि उजेडात घरी जातो.’

‘मग आपणही या आठवड्यापुरता बागान टाइम धरू या. मी लवकर येतो, लवकर जातो.’

‘जरूर या. कुलूप उघडणारा दहाला येतो.’

तेव्हा राहिली फक्त सकाळ. साडेपाचला फटफटतं, सहाला ऊन पडतं आणि दहापर्यंत कुलूप. म्हणजे ऑफिसनंतरचा निसर्ग ऑफिसआधी उरकायचा. जो माणूस पुण्यात आठच्या आत दुधाची पिशवी आत घेत नाही, तो कानटोपी घालून पहाटे नावेत बसला.

नावेत बसायचं कारण डॉल्फिन. हा गोड्या पाण्यातला डॉल्फिन 2009 पासून आपला राष्ट्रीय जलचर आहे, आणि 2016 मध्ये गुवाहाटीने त्याला शहराचा प्राणी म्हणून निवडलं. त्याला डोळ्यांनी जवळजवळ दिसत नाही; गढूळ पाण्यात तो आवाजाच्या प्रतिध्वनीवर वाट काढतो. पण सस्तन असल्यामुळे श्वासाला वर यावंच लागतं. येतो, सुस्कारा टाकतो, जातो. या सगळ्याला जेमतेम एक क्षण लागतो, आणि लेन्स फिरवायला त्याहून जास्त. नावाडी डावीकडे हात करायचा, मी डावीकडे वळेपर्यंत तिथे नुसतं वर्तुळ. मग उजवीकडे हात, उजवीकडे वर्तुळ. माझ्याकडे आता ब्रह्मपुत्रेवरच्या वर्तुळांचा उत्तम संग्रह आहे. प्रत्येकाच्या मध्यभागी नुकताच एक डॉल्फिन होता. ऑडिटच्या भाषेत सांगायचं तर नोंद आहे, माल नाही.

‘एका जागी उभा राहणारा पक्षी हवा असेल, तर कचराडेपोवर जा,’ दादा म्हणाले. मला वाटलं, ऑडिटरवरचा राग निघतोय. पण ते खरं बोलत होते. तिथे हरगिला होते. पाच फुटांच्या आसपास उंची, पंख पसरले तर अडीच मीटर, डोक्यावर चुकार चार केस, पिवळट-नारिंगी उघडी मान आणि गळ्यातून लोंबणारी पिशवी. निवृत्तीला दोन महिने उरलेल्या हेडक्लार्कसारखे ते ढिगावर उभे होते. आजूबाजूला ट्रक ओतले जात होते आणि त्यांना कशाचंही सोयरसुतक नव्हतं. एकोणिसाव्या शतकात हा करकोचा कोलकात्याच्या रस्त्यांवर घाण साफ करत हिंडायचा. तिथल्या महापालिकेच्या जुन्या बोधचिन्हावरही त्याला जागा मिळाली होती. पुढे तो तिथून नाहीसा झाला. आता जगातले बहुतेक हरगिला आसामात आहेत.

फोटो निघाले, पण मासिकांत पक्ष्यामागे जो हिरवा धूसर पडदा असतो, तो कुठून आणायचा? माझ्या पक्ष्यामागे चिप्सची पाकिटं होती, आणि धूसर करूनही त्यांची चव वाचता येत होती. घरी व्हिडिओ कॉल लावला. ‘अहो, कचऱ्याचेच फोटो काढायचे होते, तर उरुळीला गेला असतात,’ ही म्हणाली. ‘पीएमटीने झालं असतं.’

म्हणून रविवारी हरगिलांची घरटी बघायला सराईघाटचा पूल ओलांडून दादरा गावी गेलो. टॅक्सीवाल्याने गाव विचारलं. पुणे म्हणताच तो खुलला. 1671 मध्ये इथेच लाचित बडफुकनने मोगलांना हरवलं, आणि तुमच्या खडकवासल्याला एनडीएत त्याचा पुतळा आहे, सर्वोत्तम कॅडेटला त्याच्या नावाचं सुवर्णपदक देतात, हे त्याने मला ऐकवलं. पुण्याबद्दलची माहिती पुणेकराला बाहेरच्याने देणं हा प्रकार मला नवा होता. मी खिडकीबाहेर बघितलं.

दादरात हरगिला लोकांच्या परसात राहतात. उंच कदंबावर घरटं, आणि खाली अंगणात विष्ठा, कुजके मासे, हाडं. पूर्वी लोक वैतागून झाडंच तोडायचे. जीवशास्त्रज्ञ पूर्णिमा देवी बर्मन यांनी वनखात्याकडे तक्रारी करत बसण्याऐवजी गावातल्या बायकांना हाताशी धरलं. आज ‘हरगिला आर्मी’त हजारो बायका आहेत. त्या झाडं राखतात, पडलेली पिल्लं वाचवायला धावतात, गामोशावर नि मेखला-चादरीवर हरगिला विणतात आणि विणीच्या हंगामात या पक्ष्याचं चक्क डोहाळजेवण करतात. 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांनी बर्मनना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार दिला. 2023 मध्ये हरगिला जागतिक लाल यादीत ‘धोक्यात’वरून ‘जवळपास धोक्यात’ या बऱ्या रकान्यात सरकला. हिशेबात वर्षानुवर्षं अडकलेली रक्कम वसूल झाल्याचा आनंद मला झाला.

‘तुमच्याकडे करतात का पक्ष्याचं डोहाळजेवण?’ माग चालवता चालवता एका बाइदेऊंनी, म्हणजे ताईंनी, विचारलं.

‘आम्ही कावळ्याला जेवायला बोलावतो,’ मी म्हणालो, ‘पण निमित्त वेगळं असतं.’

परतल्यावर साहेबांनी पुढच्या वर्षाचा ऑडिटचा तक्ता फिरवला. बाकीच्यांनी डीए आणि हॉटेल बघितलं. मी रेखांश बघितला आणि जूनमधलं भुज मागून घेतलं. तिथे तेव्हा सूर्य साडेसात वाजून गेले तरी हलत नाही. सहाला सुटलं तरी दीड तास उजेड शिल्लक. उन्हाळ्यात भुज स्वतःहून मागणारा माणूस साहेबांना आजवर भेटलेला नव्हता. त्यांनी माझी निष्ठा सगळ्या विभागाला उदाहरण म्हणून सांगितली. दादांना मात्र फोनवर कळवलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, ‘आणि त्या उन्हात भुजचे पक्षी किती वाजता कामावर येतात?’