वजन उतरवणारा सर्जन कसा शोधावा : नांदेड-लातूरच्या नवशिक्यांसाठी

साहित्य : वजनकाटा, टेप, जुन्या रिपोर्टांची फाइल आणि सल्ला न देणारा एक नातेवाईक. शेवटची वस्तू आपल्याकडे दुर्मिळ. न मिळाल्यास एकट्याने जावे.

१. गणित करा. किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. उंची १६० सेंटिमीटर, वजन ९६ किलो, तर बीएमआय ३७.५. भारतीयांसाठी शस्त्रक्रियेची जुनी रेषा इथेच होती. मधुमेहासारखा आजार सोबत असेल तर ३२.५. २०२२ मध्ये जागतिक संघटनांनी ती आणखी खाली आणली. लग्नापूर्वी पाच किलो उतरवायचे असतील तर सर्जन सोडा, टेलर गाठा.

२. पाट्या वाचा. नांदेडच्या डॉक्टर लेनमध्ये उभे राहून नावापुढची अक्षरे मोजा. मान दुखली की नोंदणी क्रमांक विचारा आणि महाराष्ट्र वैद्यक परिषदेच्या यादीत तपासा. ही नोंदणी दर पाच वर्षांनी नवी करावी लागते. एमएसनंतरच्या फेलोशिपा काही वर्षभराच्या, काही चार दिवसांच्या. पाटीवर दोन्ही सारखीच जागा घेतात, म्हणून 'कुठे आणि किती दिवस?' हे तोंडाने विचारा.

३. गाव ठरवा. रीतीप्रमाणे लातूरकराने सोलापूर-पुण्याला, नांदेडकराने हैदराबादला जावे. २०११ मध्ये नितीन गडकरींनी मुंबईत ही शस्त्रक्रिया करून घेतली, म्हणून 'मुंबईच बरी' म्हणणारेही भेटतील. गडकरींना तपासणीला जायला रिझर्व्हेशन लागत नाही. टाक्यांच्या जागी गळती क्वचितच होते, पण ती जिवावर बेतते आणि बऱ्याचदा घरी परतल्यावर कळते. रात्री दोनला ताप आणि पोटदुखी सुरू झाली तर फोन कोण उचलेल आणि जवळच्या कोणत्या दवाखान्यात जायचे, हे आधीच लिहून घ्या.

४. प्रश्न विचारा. 'साहेब, किती लागतील?' आणि 'थोडं कमी करा की' हे दोन्ही झाल्यावर तिसरा विचारा : स्लीव्ह की बायपास, आणि मला तेच का? स्लीव्हमध्ये जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. तो परत बसवता येत नाही आणि जळजळ वाढू शकते. आम्लपित्ताची चौकशी न करताच तारीख देणाऱ्याला नमस्कार करून उठा. उलट, 'आधी आहारतज्ज्ञाला भेटा, सिगारेट सोडा, मग बघू' म्हणणाऱ्याचा राग येईल. त्याचा नंबर जपून ठेवा.

५. विमा एजंटाला भेटा. 'सगळं कव्हर हाय' असे तो म्हणेल. पॉलिसीत मात्र साधारणपणे बीएमआय ४०, किंवा ठरावीक गंभीर आजारांसह ३५, अशी अट असते. म्हणजे ३७.५ वाले तुम्ही, बाकी धडधाकट असाल तर, डॉक्टरांच्या लेखी जाड आणि कंपनीच्या लेखी बारीक. पूर्वमंजुरी लेखी घ्या.

६. येळवशीला, म्हणजे वेळा अमावस्येला, शेतात जा. शस्त्रक्रियेला तीन महिने झालेला माणूस नको. तो अजून आरशात रमलेला असतो. तीन वर्षे झालेला शोधा आणि त्याच्या पंगतीला बसा. भज्जी वाटीभर, उंडा अर्धा, घास सावकाश चावून. अंबिल मात्र अर्ध्या तासाने, कारण जेवताना पातळ पिऊ नये असे त्याला सांगितलेले असते. बी-१२, लोह, कॅल्शियमच्या गोळ्या चालू आहेत का, रक्ततपासणीची आठवण कोण करून देतं, हे विचारा. आहारतज्ज्ञाचं नाव त्याच्या ओठांवर असेल तर त्याच्या सर्जनचा पत्ता घ्या. 'डिस्चार्जनंतर साहेब दिसलेच नाहीत' म्हणाला, तर भज्जी खा आणि घरी या.

७. सराव करा. तेवढ्यात घरधनीण वाढायला येईल : 'एवढंच? पोट कापून घ्यायलास म्हणं, तवा आज तरी खाऊन घे की!' तिला नाही म्हणायला कोणताही सर्जन शिकवत नाही. ते तुमचं तुम्हालाच जमवायचं आहे; आजपासून सुरुवात करा.