आधी गोष्ट, मग कमान

जपानमध्ये कामाकुराजवळ समुद्राला लागून एक साधं रेल्वे फाटक आहे. दांडी, रूळ आणि पलीकडे पाणी, एवढंच. तरीही तिथे जगभरातून माणसं येतात आणि गाडी जाईपर्यंत कॅमेरे रोखून उभी राहतात. कारण एकच. ‘स्लॅम डंक’ या बास्केटबॉलवरच्या ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन, मालिकेच्या सुरुवातीच्या गाण्यात ते फाटक दिसतं.

साइतामा प्रांतातल्या वाशिनोमिया देवळाचंही तेच. २००७ साली ‘लकी स्टार’ ही मालिका आली आणि तिच्यात ते देऊळ दिसलं. त्याआधी नववर्षाच्या दर्शनाला लाखभराच्या आसपास माणसं येत. २००८ मध्ये आकडा तीन लाखांवर गेला, पुढे चार लाखही ओलांडले. गावचे व्यापारी बघत बसले नाहीत. त्यांनी मालिकेच्या निर्मात्यांशी बोलून घेतलं, वस्तू विकायला काढल्या. गावच्या जत्रेत मालिकेच्या चाहत्यांची स्वतंत्र पालखी निघू लागली आणि ती गावकऱ्यांनी आपली मानली.

ओआराई हे मासेमारीचं गाव. २०११ च्या त्सुनामीचा तडाखा त्याला बसला होता. पुढच्याच वर्षी ‘गर्ल्स उंड पान्झर’ ही मालिका त्या गावात घडली. दुकानदारांनी आपापल्या दारात एकेका पात्राचा चित्रफलक उभा केला. पाहुणा फलकासाठी आला, दुकानदाराशी बोलला, जेवून गेला, पुढच्या वर्षी पुन्हा आला.

आपल्याला हे नवं वाटावं, याचंच मला नवल वाटतं. गोष्टीत आलेली जागा शोधत जाणं मराठी माणसाने सातशे वर्षांपूर्वी ग्रंथात बसवलं आहे. म्हाइंभटांनी महानुभाव पंथाच्या श्रीचक्रधरस्वामींच्या लीळा गोळा केल्या. त्यासाठी ज्यांनी स्वामींना पाहिलं-ऐकलं होतं त्यांना गाठलं, त्यांच्याकडून विचारून घेतलं. लीळाचरित्र झालं. मग चौदाव्या शतकात स्थानपोथी आली. स्वामी कोणत्या गावी कुठे थांबले, देऊळ कोणत्या दिशेला, बसण्याची जागा कोणती, सगळं त्यात नोंदलेलं आहे. महानुभाव पंथीय आजही ती स्थानं वंदायला जातात. तिकडे जपानच्या एका पर्यटन संस्थेने ॲनिमेत आलेल्या ८८ जागांची यादी काढली, ती तिथल्या शिकोकू बेटावरच्या ८८ मंदिरांच्या जुन्या यात्रेवर बेतून. त्यांनी जुन्या यात्रेचा सांगाडा नव्या गोष्टींना दिला. सांगाडा आपल्याकडेही आहे. आपण त्याला हात लावत नाही.

आपल्या बीड जिल्ह्यातच बघा. गेवराई तालुक्यात गोदावरीच्या पात्रात पांचाळेश्वराचं आत्मतीर्थ आहे. श्रीदत्तात्रेय रोज दुपारी इथे भोजनाला येतात, ही महानुभावांची श्रद्धा. त्याच तालुक्यात राक्षसभुवन. १० ऑगस्ट १७६३ रोजी अठरा वर्षांच्या माधवराव पेशव्यांनी इथे निजामाचा पराभव केला. निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर या लढाईत पडला. पानिपतनंतर अडीच वर्षांत मराठी राज्य पुन्हा उभं राहिल्याचा तो दिवस. राक्षसभुवनला माणसं शनीच्या दर्शनाला येतात, आणि यावंच. पण दर्शन घेऊन निघणाऱ्या किती शाळकरी मुलांना कुणी सांगतं, की या नदीकाठी काय घडलं?

अंबाजोगाईला मुकुंदराजांची समाधी आहे. तिथेच संतकवी दासोपंत राहिले. सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर त्यांनी लिहिलेली पासोडी हा मराठीचा ठेवा आहे. बीड शहरात कंकालेश्वराचं देऊळ पाण्यात उभं आहे आणि त्याच्या भिंतींवर शस्त्र घेतलेल्या स्त्रिया कोरल्या आहेत. निजामशाहीच्या काळातली खजाना विहीर तर अभियांत्रिकीचा धडाच आहे. तिचं पाणी मोटेवाचून, पंपावाचून, नुसत्या उताराने शेतापर्यंत जातं. यातल्या एकेका जागेवर बारा भागांची मालिका उभी राहील.

ती उभी राहत नाही, म्हणून बीडचं नाव पडद्यावर दुसरीच माणसं आणतात. दुष्काळ आला की बीड. ऊसतोडीचे ट्रॅक्टर निघाले की बीड. गुन्हा घडला की बीड. त्या बातम्या खऱ्या आहेत, त्या आल्याच पाहिजेत. पण जिल्ह्याची एवढीच गोष्ट सांगितली गेली, तर बाहेरच्याला तेवढीच कळणार, आणि वाईट म्हणजे इथल्या पोरांनाही तेवढीच.

गोष्टीची ताकद सोलापूर जिल्ह्याने पाहिली आहे. २०१६ मध्ये आलेला ‘सैराट’ नागराज मंजुळे यांनी आपल्याच करमाळा तालुक्यात चित्रित केला. सिनेमा चालला आणि माणसं त्यातलं झाड शोधत, विहीर शोधत करमाळ्याला पोचली. त्या झाडाची जाहिरात कुणी केली नव्हती. तिथे एक गोष्ट घडली होती, एवढं पुरलं.

आपला क्रम उलटा आहे. आधी कमान, मग दिवे, मग कोनशिला, मग उद्घाटन. निधी संपतो आणि गोष्ट सांगायची राहून जाते. कमानीखालून गेलेल्या माणसाला आत काय आहे ते कळत नाही. मग तो सेल्फी काढतो आणि निघतो.

१७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरहून बीडला रेल्वे सुरू झाली. दशकांची मागणी पुरी झाली. आता गाडीतून उतरणाऱ्याच्या हातात काय द्यायचं, ते ठरवा. जिल्ह्यात ११ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याने आपल्या आठ जागा निवडाव्यात. ८८ होतात. प्रत्येक जागेवर एक फलक हवा, त्यावर नेत्यांचे फोटो नकोत, तिथली गोष्ट हवी, दहा ओळींत, पाचवीतल्या मुलीला कळेल अशी. बायकांसाठी स्वच्छतागृह हवं. एसटीची वेळ लिहिलेली हवी. याला कोट्यवधी लागत नाहीत.

आणि गोष्टी काढणारे हात हवेत. जिल्ह्यातली पोरं मोबाइलवर ‘नारुतो’सारखी ॲनिमे बघतात, वहीच्या मागच्या पानावर त्यातली पात्रं काढतात. २०२५ मध्ये ‘डेमन स्लेअर’ या ॲनिमेचा सिनेमा भारतात हिंदी, तमिळ आणि तेलुगूत बोलला, मराठीत नाही. या पोरांना राक्षसभुवनची लढाई काढायला द्या. कंकालेश्वराच्या भिंतीवरची ती योद्धा स्त्री त्यांना नायिका म्हणून द्या. शाळेत चित्रकलेचा शिक्षक द्या, जो आज कित्येक ठिकाणी नाही.

जपानकडून एक इशाराही घ्यायचा. कामाकुराच्या त्या फाटकावर माणसं रस्त्यात उभी राहतात, रहिवासी वैतागले, पहारा ठेवावा लागला. पांचाळेश्वर हे श्रद्धेचं स्थान आहे, खजाना विहीर जिवंत पाण्याची. तिथे रील काढायला कठड्यावर चढणाऱ्याला गावानेच खाली उतरवलं पाहिजे. पाहुणचाराचे नियम यजमान ठरवतो.

जिल्हा नियोजन समितीची पुढची बैठक होईल तेव्हा पर्यटनाच्या रकान्यात पुन्हा कमानी येतील. सदस्यांनी एकच प्रश्न विचारावा: या जागेची गोष्ट कोण लिहितंय? उत्तर मिळेपर्यंत त्या कमानीला मंजुरी देऊ नये.