साहेब बंदोबस्ताला आहेत

महाराष्ट्रातल्या कुठल्याही पोलीस ठाण्यात पाऊल टाकलं की पहिली गाठ पडते ती ठाणे अंमलदाराशी. टेबलावर स्टेशन डायरी, शेजारी वायरलेसची खरखर, काचेखाली वरिष्ठांचे फोन नंबर आणि कॅलेंडरातून कापलेला एखादा देव, कडेला साय धरलेला अर्धा ग्लास चहा. आलेल्या माणसानं तोंड उघडण्याआधीच अंमलदार त्याला वाचून काढतो. चपला कसल्या आहेत, सोबत कोण आहे, हातात टाइप केलेला अर्ज आहे की नुसताच राग आहे, आणि मुख्य म्हणजे हा येण्याआधी याच्यासाठी कुणाचा फोन आला होता का. एवढ्यात तक्रारीचा निकाल लागलेला असतो. तक्रार अजून सांगायची राहिली आहे, ही त्या मानानं किरकोळ बाब.

त्याची उत्तरं मोजकीच आहेत, पण कुठल्याही संकटाला पुरतात. ‘हे सिव्हिल मॅटर आहे, कोर्टात जा.’ ‘हे सोसायटीचं आहे, आपसांत मिटवा.’ ‘ही जागा आमच्या हद्दीत येत नाही, नाल्यापलीकडचं ठाणं वेगळं.’ आणि यातलं काहीच लागू पडलं नाही तर ‘साहेब बंदोबस्ताला आहेत’. लोक यावरून त्याला आळशी ठरवतात. हा त्याच्यावर अन्याय आहे. आळशी माणूस सगळ्याच कामांना सारखाच कंटाळतो. हा निवडून कंटाळतो. ही निवड तो कलमावरून करत नाही, समोरच्याच्या त्रासावरून तर नाहीच नाही. प्रत्येक तक्रारीपाशी तो मनात एकच प्रश्न विचारतो : उद्या हे मला कोण विचारणार? ज्याचं उत्तर ‘कुणीच नाही’, ते काम एनसीच्या वहीत जाऊन पडतं. अदखलपात्र गुन्ह्याचा तपास दंडाधिकाऱ्याच्या हुकुमाशिवाय पोलिसांना करता येत नाही, त्यामुळे एनसीची पावती म्हणजे आता काहीही होणार नाही याची सही-शिक्क्यानिशी दिलेली खात्री. त्यातूनही तक्रारदार हटला नाही तर अंमलदार प्रेमानं समजावतो, ‘बघा हं, तुम्ही दिलीत तर समोरचाही क्रॉस देणार.’ मार खाल्लेला आणि मारणारा दोघेही मग एकाच वहीत समान हक्कानं नांदू लागतात.

या प्रश्नाची सगळ्यात सुरेख करामत पाहायची तर बसमध्ये मोबाईल गेलेल्या माणसामागे उभं राहावं. ‘चोरीला गेला कशावरून? काढताना पाहिलंत?’ नाही पाहिलं. पाहिलं असतं तर काढू दिला नसता. ‘मग पडला असेल. गहाळ लिहा.’ चोरी लिहिली तर गुन्हा दाखल होतो, गुन्ह्याला तपास लागतो, तपास लागला नाही तर ठाण्याच्या खात्यावर न उघडलेल्या गुन्ह्यांत एकाची भर पडते आणि महिन्याच्या क्राइम मीटिंगमध्ये त्याबद्दल साहेबांना उभं करतात. गहाळ वस्तूला आरोपी नसतो, तपास नसतो, मीटिंगही नसते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाल्यावर प्रथम खबरी अहवाल नोंदवणं बंधनकारक आहे, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं ललिता कुमारी प्रकरणात १२ नोव्हेंबर २०१३ रोजी सांगितलं. अंमलदाराला हा निकाल मान्य आहे. म्हणून तर तो खबरच बदलून घेतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यांनी त्याची आणखी एक सोय केली : पाच हजारांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र झाली आहे. तेव्हापासून जुन्या फोनची किंमत ठरवताना त्याच्या अंगी सराफाची काटेकोर नजर आली असेल, तर नवल नाही. त्याच कायद्यानं हद्दीबाहेरचा गुन्हाही कुठल्याही ठाण्यात नोंदवण्याची, म्हणजे झिरो एफआयआरची, तरतूद लेखी केली. पण नाल्यापलीकडचं ठाणं अजून तिथंच आहे.

आवाजाच्या तक्रारीत हा माणूस आणखी खुलतो. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा, रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, आणि वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकारला बारापर्यंत सूट देता येते. आता रात्री अकराला कुणी ११२ वर फोन केला, की पहिला प्रश्न डीजे कुठं वाजतो आहे हा नसतो, ‘तुमचं नाव? कुठल्या मजल्यावर राहता?’ हा असतो. मग बीट मार्शल मोटारसायकलवरून येतात, मंडपाशी गाडी लावतात, कार्यकर्ते चहा मागवतात, आणि ‘दुसऱ्या मजल्यावरच्या काकांची तक्रार आहे, जरा सांभाळून घ्या’ असा निरोप पोचवून गाडी परत फिरते. पाच मिनिटं आवाज उतरतो, नंतर तो काकांच्या खिडकीकडे तोंड करून चढतो. तक्रारदाराची ओळख न विचारता आणि न सांगता कारवाई करा, असं मुंबई उच्च न्यायालयाला जानेवारी २०२५ मध्ये बजावावं लागलं. अंमलदाराचं गणित तसं सरळ आहे. मंडळाचा अध्यक्ष उद्या नगरसेवकाला घेऊन येईल. काका फार तर वर्तमानपत्राला पत्र लिहितील.

अशा माणसाला घाई करता येतच नाही असं कुणाला वाटेल, तर तेही खरं नाही. २०१४ च्या सुरुवातीला उत्तर प्रदेशात रामपूरला मंत्री आझम खान यांच्या सात म्हशी चोरीला गेल्या. पोलिसांची पथकं सुटली, म्हशी दोनेक दिवसांत सापडल्या आणि हलगर्जीबद्दल काही पोलिसांची रवानगी लाईनीत झाली. त्या म्हशींबद्दल ‘चोरीला गेल्या कशावरून, चरायला गेल्या असतील’ असं कुणी म्हटलं नाही. आपल्याकडे नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदबद्दल एका तरुणीनं फेसबुकवर चार वाक्यं लिहिली, मैत्रिणीनं ती लाइक केली, आणि पालघरमध्ये लगेच दोघींना अटक झाली. गुन्हा पुढे टिकला नाही, अधिकारी निलंबित झाले, आणि आयटी कायद्यातलं ‘६६ अ’ हे कलमच २०१५ मध्ये रद्दबातल ठरलं. पण कामाचा वेग वाखाणण्याजोगा होता, कारण बाहेर जमाव उभा होता. त्याच २०१५ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत मढ-आक्सा भागातल्या हॉटेलांवर छापे पडले आणि बंद खोल्यांतून चाळीसच्या आसपास सज्ञान जोडप्यांना बाहेर काढून सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन केल्याचं कलम लावण्यात आलं. यात कुणाची तक्रार नव्हती, कुणाचा त्रास नव्हता. होती ती फक्त केसेसची भरघोस संख्या, आणि घरी कळेल या भीतीनं कुणालाही फोन न करणारे आरोपी. म्हशींमागे मंत्री होता, पालघरला जमाव होता, मढला विचारणारं कुणीच नव्हतं. प्रसंग तीन, हिशेब एकच.

यावर पोलिसांच्या बाजूनं हमखास मांडला जाणारा मुद्दा मनुष्यबळाचा, आणि तो खोटा नाही. गणपती, नवरात्र, मोर्चे, निवडणुका, मंत्र्यांचे दौरे. बंदोबस्तात उभं राहून पाय सुजलेल्या हवालदाराकडून शेजारच्या गच्चीतल्या कुंड्यांच्या भांडणात रस घेण्याची अपेक्षा करणं कठोरच. आठ तासांची पाळी हा इतर नोकरदारांचा जन्मसिद्ध हक्क. मुंबई पोलिसांत त्याचा प्रयोग २०१६ मध्ये देवनार ठाण्यापासून करून बघावा लागला, यावरून त्यांची दशा कळते. पण माणसं कमी असली म्हणजे काम कमी होईल. कुठलं काम राहील हे त्यावरून ठरत नाही. टंचाई आंधळी असती तर कधीतरी चुकून एखाद्या नेत्याच्या फाटलेल्या फ्लेक्सचा तपास मागे पडला असता आणि एखाद्या आजीबाईंच्या गेलेल्या पेन्शनच्या पिशवीचा पुढे सरकला असता. तशी चूक घडत नाही. बंदोबस्तसुद्धा अखेर त्याच प्रश्नाचं उत्तर आहे : ताफा अडकला तर विचारणारे डझनभर असतात.

दुसरा आक्षेप असा, की खुनाचा तपास सोडून पोलिसांनी ठिबकणाऱ्या धुण्याची आणि भुंकणाऱ्या कुत्र्याची भांडणं सोडवायची काय? नक्कीच नाही. गृहनिर्माण संस्थांमध्ये अशी काही मंडळी असतात, की त्यांच्या अर्जांची फाईल ठाण्यातल्या सगळ्यात मोठ्या गुन्ह्याच्या फाईलपेक्षा जाड असते. त्यांच्यापासून अंमलदाराला संरक्षण हवंच. पण फालतू तक्रार वेगळी काढायची तरी ती आधी ऐकावी लागते, आणि अंमलदार चाळतो तो तक्रार नव्हे, तक्रारदार. शिवाय लहान भांडण लहानच राहतं हा त्याचा आशावाद सरकारलाही पटलेला नाही. गावातले किरकोळ तंटे वेळीच मिटावेत म्हणून राज्याच्या गृहखात्यानंच २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम काढली आणि तंटा मिटवणाऱ्या गावांना बक्षिसं लावली. पार्किंगच्या जागेवरून पहिल्या दिवशी शिवीगाळ होते, तेव्हा ते ‘आपसांत मिटवा’ असतं. लोखंडी सळई निघाल्यावर तेच दखलपात्र होतं, आणि मग अंमलदार कपाळाला हात लावून म्हणतो, ‘आधी का नाही आलात?’

तेव्हा या माणसाला सौजन्याचं प्रशिक्षण देऊन किंवा भिंतीवर ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ आणखी मोठ्या अक्षरांत रंगवून काही साधणार नाही. तो बिघडलेला नाही. त्याला जे विचारलं जातं त्याला तो तंतोतंत उत्तर देतो. बदलायचं असेल तर विचारणं बदला. नोंदलेले गुन्हे वाढले म्हणून साहेबांची हजेरी घेणं बंद करा, कारण त्या हजेरीतूनच चोरीचं गहाळ होतं. त्याऐवजी क्राइम मीटिंगमध्ये गेल्या महिन्यातले ‘गहाळ’ झालेले दहा मोबाईल काढा, ११२ वर आलेल्या आवाजाच्या दहा तक्रारी काढा, आणि वरिष्ठांनी तिथूनच फोन लावावा : ‘काका, झोप लागली का?’ काकांनी ‘नाही’ म्हटलं तर साहेबांना उभं करा. पुढच्या शनिवारी रात्री दहा वाजून एक मिनिटानं डीजेची वायर स्वतःच्या हातानं उपटणारा माणूस हाच अंमलदार असेल, आणि काकांनी उद्या फोनवर नीट सांगावं म्हणून दुसरा मजला चढून त्यांची विचारपूसही करून येईल.