शिव्या खायला माणूस हवा

निवडून आलेल्या माणसाचं मुख्य काम काय, यावर राज्यशास्त्रात जाडजाड ग्रंथ आहेत. माझं मत एका ओळीचं आहे : त्याने शिव्या खायच्या. रस्ते, पाणी, दिवे ही कामं अभियंते, ठेकेदार आणि परमेश्वर आपापल्या सवडीने करतच असतात. पण पहाटे साडेपाचला नळाला नुसती हवा आली, तर दार वाजवून ज्याला झोपेतून उठवता येईल असा एक तरी माणूस भागात लागतो. तो आमच्याकडे कित्येक वर्षं नव्हता. शुक्रवारी, १६ जानेवारी २०२६ ला, एकदम चार मिळाले.

आमचं शहर कोणतं ते विचारू नका. राज्यात २९ महापालिका आहेत, त्यातली कुठलीही घाला. उत्तर तेच येतं. मुंबईची मुदत ७ मार्च २०२२ ला संपली, पुण्याचीही त्याच महिन्यात. नवी मुंबई, छत्रपती संभाजीनगर, कल्याण-डोंबिवली, कोल्हापूर यांनी तर २०२० पासूनच कडकडीत उपास धरला होता. पाच वर्षं संपायच्या आत नवी निवडणूक झाली पाहिजे, असं राज्यघटनेच्या २४३-यू या कलमात स्वच्छ लिहिलेलं आहे. घटनेची प्रत उंचावून भाषण करणारे नेते आपल्याकडे सगळ्याच पक्षांत आहेत. तेवढी दोन पानं त्यांच्या प्रतीत चिकटलेली असावीत.

कारणं मात्र भरपूर होती आणि सगळी कायदेशीर. मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ओबीसी आरक्षण ठेवायचं तर आधी आयोग नेमून माहिती गोळा करा. ती गोळा होईपर्यंत प्रभाग तीन नगरसेवकांचा की चारचा, हा प्रश्न निघाला. एका सरकारने एक ठरवलं, दुसऱ्याने ते पुसलं. मुंबईत २२७ च्या २३६ जागा झाल्या आणि सरकार बदलताच पुन्हा २२७. मग तारखांवर तारखा. शेवटी ६ मे २०२५ ला न्यायालयाने चार महिन्यांत उरका म्हणून बजावलं. सरकारी चार महिने ते. ३१ जानेवारी २०२६ पर्यंत पुरले.

याच काळात आमच्या सोसायटीच्या फाटकासमोरच्या चेंबरचं झाकण गेलं.

गेलं म्हणजे चोरीला गेलं की खचून आत पडलं, यावर सोसायटीत दोन तट आहेत. बिडाचं झाकण होतं, भंगारात चांगला भाव येतो, असं एक तट म्हणतो. आत पडलं म्हणणाऱ्यांचे म्होरके आमचे सेक्रेटरी. चोरी म्हटलं की पोलिसांत जावं लागतं, आणि पोलिसांत गेलं की सेक्रेटरीलाच जावं लागतं. ते असो. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्या भोकात गुलमोहराची फांदी उभी केली. दुसऱ्या दिवशी तिला लाल ब्लाउजपीस बांधलेलं दिसलं. फांदी वाळल्यावर तिच्या जागी पाय मोडलेली प्लास्टिकची खुर्ची आली. एरवी अशा खुर्चीच्या पाठीवर ‘सौजन्य’ म्हणून कुणाचं तरी नाव असतं. ही कोरी होती. प्रशासकीय राजवट म्हणतात ती हीच.

मी आमच्या आमदारांना फोन लावला. २०२२ चा जून होता. ते बंड करून गुवाहाटीला गेले होते. तिथली झाडी आणि डोंगर साऱ्या महाराष्ट्राने ऐकले, आमचं चेंबर कुणी ऐकलं नाही. पुढे पक्ष फुटले, धनुष्यबाण एकीकडे गेला, घड्याळ दुसरीकडे गेलं. २०२४ मध्ये लोकसभा झाली, विधानसभा झाली. दोन्हीकडे आम्ही रांगेत उभं राहून देशाचं आणि राज्याचं भवितव्य ठरवून आलो. ज्या सभागृहात गटाराचा विषय निघतो, तेवढं एक बंद होतं.

प्रशासक ही व्यवस्था वाईट नसते, हे आमच्या सोसायटीतल्या निवृत्त बँक मॅनेजरांचं ठाम मत. त्यांना शिस्त आवडते. आणि खरंच, किती सुटसुटीत! आयुक्त म्हणून साहेब सकाळी प्रस्ताव ठेवतात, दुपारी स्थायी समिती म्हणून तो तपासतात, संध्याकाळी सर्वसाधारण सभा म्हणून एकमताने मंजूर करतात. ना सभात्याग, ना राजदंडाची पळवापळवी, ना चहा-बिस्किटांचं बिल. मुंबई महापालिकेचं २०२५-२६ चं ७४ हजार ४२७ कोटींचं अंदाजपत्रक असंच मंजूर झालं, एकाही नगरसेवकाने हात वर न करता. इतक्या पैशांवर एका माणसाचा दुसऱ्या माणसाशी वाद होऊ नये, ही केवढी प्रगती.

अडचण एवढीच की प्रशासकाला शिवी देता येत नाही. आधी ते भेटत नाहीत. भेटले तर फार सभ्यपणे बोलतात. आणि आपला राग जरा तापायला लागला की त्यांची बदली होते. मग नवे साहेब येतात आणि ‘मी नुकताच जॉइन झालोय’ म्हणतात. हे वाक्य खोटं नसल्यामुळे त्यावर काही बोलता येत नाही.

राहिलं तक्रारीचं ॲप. त्यात मी चेंबरचा फोटो खुर्चीसकट टाकला. थोड्याच दिवसांत हिरव्या अक्षरांत उत्तर आलं : तक्रार निकाली. सोबत नव्या कोऱ्या झाकणाचा फोटो. झाकण उत्तम होतं. मागे एक मेडिकल स्टोअर आणि पिंपळाचं झाड दिसत होतं. आमच्या गल्लीत दोन्ही नाहीत. कुठल्या तरी गल्लीतल्या लोकांना आमच्या तक्रारीवर झाकण मिळालं असेल, तर माझी काही हरकत नाही. वॉर्ड ऑफिसमध्ये गेलो तर कनिष्ठ अभियंता म्हणाले, ‘काका, सिस्टिममध्ये क्लोज दाखवतंय. क्लोज झालेली आम्हाला ओपन करता येत नाही.’ चेंबरच्या बाबतीत नेमकं उलटं झालं होतं, हे त्यांच्या लक्षात आणून दिलं. ते हसले. तरुण मुलगा, स्वभावाने चांगला.

हा माझा एकट्याचा वैताग असता तर लिहिलं नसतं. नगरसेवकाचं संपर्क कार्यालय म्हणजे एक टेबल, चार खुर्च्या, भिंतीवर शिवाजी महाराज आणि फॉर्म भरून देणारा एक पोरगा. शहरातली निम्मी गरिबी त्या पोरग्याच्या भरवशावर चालते. शाळेचा प्रवेश, रहिवासी दाखला, धर्मादाय रुग्णालयाला चिठ्ठी, मयताचा पास. २०२५ च्या सप्टेंबरात सरकारने ‘लाडकी बहीण’ योजनेतल्या बहिणींना दरमहा दीड हजारासाठी ई-केवायसी करायला सांगितलं. त्यात नवऱ्याचा नाही तर वडिलांचा आधार क्रमांक घाला, त्यांच्या मोबाइलवर ओटीपी येईल. ज्यांचे दोघेही गेले, त्या बायकांनी ओटीपी कुठून आणायचा? पुढे सरकारने अशा बहिणींसाठी कागदपत्रं अंगणवाडी सेविकेकडे द्यायची सोय केली. पण त्याआधी हातात मोबाइल धरून त्या दारोदार हिंडत होत्या, आणि ज्या टेबलाशी जायचं ते टेबल उचललं गेलं होतं. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशींनी माझ्या बायकोला विचारलं, ‘ताई, आता कुणाला सांगायचं?’ बायकोने माझ्याकडे बघितलं. मी वर्तमानपत्रात लिहितो, म्हणजे माझी कुठे तरी ओळख असेल असं मावशींना वाटतं. बायकोला तसं वाटत नाही.

तर अखेर डिसेंबरात आचारसंहिता लागली आणि माणसं उगवली. भाऊ उगवले. भाऊ म्हणजे आमचे जुने नगरसेवक; चार वर्षं ते फक्त वाढदिवसाच्या फ्लेक्सवर भेटत. त्यांची जागा महिलांसाठी राखीव झाल्यामुळे वहिनी उभ्या राहिल्या. फ्लेक्सवर वहिनींचा हात जोडलेला फोटो आणि त्याच्या दुप्पट भाऊंचा. कोण उभं आहे, याबद्दल मतदारांचा घोळ होऊ नये म्हणून. प्रभाग चारचा, त्यामुळे अ, ब, क, ड असे चार गट आणि प्रत्येकात हात जोडलेले पाच-सहा जण. जे राज्यात एकमेकांचं तोंड पाहत नव्हते ते काही शहरांत एकाच गाडीवर होते, आणि जे राज्यात एका सरकारात आहेत ते आमच्या चौकात एकमेकांची उणीदुणी काढत होते. पुण्यात तर एका उमेदवाराने आपल्याच पक्षाच्या दुसऱ्या उमेदवाराचा एबी फॉर्म फाडून गिळल्याची तक्रार झाली. गिळला की नुसता फाडला, यावर पुढे वाद झाला. पण पक्षाची भूमिका पोटात घेणं म्हणतात ते यापेक्षा वेगळं काय असणार? कल्याण-डोंबिवलीत कित्येक जण मत पडायच्या आधीच निवडून आले. तिथल्या मतदारांचे श्रम वाचले.

आमच्या मुलीचं हे महापालिकेचं पहिलंच मतदान. प्रभाग पाडले ते २०११ च्या जनगणनेवर, कारण त्यानंतरची तोवर झालेलीच नव्हती. त्या जनगणनेत ती बालवाडीत आहे. लोकसंख्येच्या हिशोबात नाक पुसायला रुमाल लागणारी आणि मतदार यादीत सज्ञान, अशी ती दोन्हीकडे हजर. ‘बाबा, नगरसेवक नक्की काय करतो?’ असं तिने विचारलं. सहावीच्या नागरिकशास्त्रात वाचलं होतं म्हणे, पण प्रत्यक्षात पाहिलेला आठवत नाही.

जाहीर प्रचार १३ तारखेला थांबला, पण घरोघर भेटायला निवडणूक आयोगाची हरकत नव्हती. आणि १४ ला संक्रांत. इतका गोड योग पंचांगकर्त्यांनाही साधला नसता. सकाळपासून बेल वाजत होती. तिळगूळ घ्या, गोड बोला, अनुक्रमांक तीन. संध्याकाळपर्यंत आमच्या डब्यात चारही प्रमुख पक्षांचा तिळगूळ एकत्र झाला. कोणाचा कोणता, हे आता कुणालाच सांगता येणार नाही. राजकारणाबद्दल मला याहून जास्त काही म्हणायचं नाही.

दुसऱ्या दिवशी चार-चार बटणं दाबली. बोटाला शाईऐवजी मार्कर लावला होता. घरी येईपर्यंत मोबाइलवर बातमी, की शाई ॲसिटोनने निघते. मुलीने लगेच नेलपॉलिश रिमूव्हर काढला. आयोगाचं म्हणणं की मार्कर २०११ पासूनच वापरतात. म्हणजे जनगणना, मार्कर आणि आमची बालवाडी, सगळं एकाच सालचं. बायकोने मात्र कापूस बाजूला ठेवला. ‘पुसून काय करू? पुन्हा त्या रांगेत उभी राहू?’ बोगस मतदान रोखण्याचा हा उपाय आयोगाला अजून सुचलेला नाही.

वहिनी निवडून आल्या. बाकीचे तीनही आले, दोन पक्षांचे मिळून चौघे. दुसऱ्याच दिवशी मी चेंबरचं पत्र घेऊन निघालो. ‘अ’वाले म्हणाले, ड्रेनेज ‘क’ बघणार असं आमचं ठरलंय. ‘क’वाले म्हणाले, तुमची गल्ली ‘ड’च्या पट्ट्यात येते. ‘ड’चा फोन त्यांचा पुतण्या उचलतो, तो म्हणाला, महापौर ठरेपर्यंत सगळं थांबलंय. उरल्या ‘ब’, म्हणजे वहिनी. त्यांच्याकडे गेलो तर भाऊ भेटले. माझं पत्र त्यांनी दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं आणि ढिगावर ठेवलं. शिव्या खायला एकाऐवजी चौघे मिळाले की त्या चौघांत वाटल्या जातात आणि प्रत्येकाच्या वाट्याला अगदी थोड्या येतात, हे प्रभाग पद्धत काढणाऱ्याच्या डोक्यात आधीच असणार.

माझी बायको असल्या विचारात पडत नाही. सोमवारी वहिनींनी मंगल कार्यालयात विजयाचं हळदीकुंकू ठेवलं होतं. बायको गेली. रांगेत उभी राहिली, हळदकुंकू लावून घेतलं, वाण घेतलं (झाकणाचा प्लास्टिकचा डबा), आणि तिथेच, माइक चालू असताना, डब्याचं झाकण उचलून वहिनींना दाखवलं. ‘एवढंच हवंय. फक्त बिडाचं.’ मग खुर्चीची गोष्ट झाली, पावसाळ्यात दूधवाल्याची सायकल अडकली ती झाली, ॲपमधलं मेडिकल स्टोअर झालं. भाऊ पुरुष असल्यामुळे बाहेर मांडवात होते. आत वहिनी एकट्या, समोर दोनशे बायका, आणि हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला मध्येच तोडता येत नाही. वहिनींच्या कपाळावर घाम आला, असं मावशींनी सांगितलं. मावशीही गेल्या होत्या. त्यांना कुंकू लावायचं की नाही, असा प्रश्न तिथल्या एका कार्यकर्तीला पडला होता. वहिनींनी स्वतः पुढे होऊन लावलं. हे वहिनींच्या नावावर जमा धरलं पाहिजे.

मंगळवारी सकाळी मुकादम आला. त्याने खुर्ची उचलली, आत वाकून पाहिलं, टेपने माप घेतलं आणि वहीत लिहिलं. इतक्या वर्षांत त्या भोकाचं माप कुणी घेतलं नव्हतं.

महापालिकेच्या कायद्यात २००९ पासून ‘क्षेत्रसभा’ नावाची तरतूद आहे. नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना बोलवायचं, त्यांचं ऐकून घ्यायचं. आमच्या भागात ती भरलेली मी कधी पाहिली नाही. मात्र रविवारी रथसप्तमी आहे आणि तोपर्यंत ‘अ’च्या काकूंचं आणि ‘क’च्या वहिनींचं अशी आणखी दोन हळदीकुंकवं व्हायची आहेत. आमच्या इमारतीतल्या बायकांनी काल रात्री जिन्यात बसून वाटणी केली. काकूंकडे पाणी काढायचं, पहिल्या मजल्यावरच्या जोशीणबाई बोलणार, त्यांचा आवाज मोठा. ‘क’कडे पथदिवे आणि कुत्री. मावशींच्या केवायसीचा कागद बायकोने पर्समध्ये ठेवलाय, माइक कुणाच्या हातात आहे ते बघून काढणार आहे. बँक मॅनेजरांनी आपला एक मुद्दा घ्या म्हणून चिठ्ठी पाठवली, ती परत आली. पुरुषांचे विषय शेवटी, वेळ उरला तर.